गच्चीवरची भाजी आणि मार्चअखेरचा पैसा

ताई, नमस्कार.

आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये एका पुनर्वसन इमारतीत राहतो. ९६ घरं आहेत. आमचा अकरा बायकांचा बचत गट नऊ वर्षांचा आहे. लॉकडाउनमध्ये हाताला काम नव्हतं तेव्हा आम्ही गच्चीवर रंगाचे रिकामे डबे आणि मंडईतले क्रेट मांडून मेथी, पालक, माठ, कोथिंबीर लावायला लागलो. आता अर्धी गच्ची, म्हणजे नऊशे चौरस फूट, भरली आहे. महिन्याला साधारण ७० किलो पालेभाजी निघते. खालच्या अंगणवाडीत ४५ मुलं आहेत, तिथे आठवड्यातून दोनदा फुकट देतो. इमारतीतल्या गरोदर बायकांना देतो. उरलेली विकतो. वरच्या मजल्यावरचे दोघे-तिघे ओल येते म्हणून कुरकुर करतात, बाकी त्रास नाही.

गेल्या महिन्यात एका कंपनीचे साहेब आले, फोटो काढले, म्हणाले, प्रपोजल द्या, तीन लाखांपर्यंत होऊन जाईल, पण फेब्रुवारीच्या आत. आम्हाला प्रपोजल लिहिता येत नाही. ओळखीतले एक सर लिहून देतो म्हणाले. त्यांनी ३ लाख २० हजारांचं बजेट केलंय, कागद सोबत जोडला आहे. ते दहा हजार आधी मागतात आणि मंजूर रकमेच्या १५ टक्के नंतर. आमची संस्था नाही, तर पैसे त्यांच्या ओळखीच्या संस्थेच्या खात्यात घेऊ म्हणतात, नाहीतर आठ दिवसांत तुमचीच संस्था काढून देतो म्हणतात. माझा धाकटा दीर इंजिनिअर होऊन न्यू जर्सीला गेलाय. तो म्हणतो, वहिनी, कंपनीच्या नादी लागू नका, मी आणि माझे मित्र मिळून पाठवतो. आणि गटातल्या दोघी म्हणतात, पैसे आले की आधी सगळ्यांत थोडे थोडे वाटून घेऊ, इतकी वर्षं फुकट राबलो. खरं सांगू, मलाही त्यात काही चूक वाटत नाही. काय करू?

— सुरेखा (नाव बदललं आहे)

सुरेखाताई,

त्या दोघींची मागणी चुकीची नाही, वेळ चुकीची आहे. पैसे आल्यावर वाटून घेतले तर तो अपहार ठरतो. पैसे मागतानाच ‘रोज दोन तास पाणी घालणे, खुडणी, वजन करणे याचं मानधन’ असं लिहिलं तर तो मजुरीचा खर्च होतो. घाम तोच, बायका त्याच, रक्कमही कदाचित तीच. फरक एका ओळीचा आहे, आणि ती ओळ आधी लिहावी लागते.

मी बावीस वर्षं एका छोट्या संस्थेची किर्द लिहिली. नंतर काही वर्षं एका कंपनीच्या समितीवर बाहेरची सदस्य म्हणून असे अर्ज वाचले. दोन्ही खुर्च्यांवरून एकच चित्र दिसलं. ठिबकच्या नळ्यांना पैसे मिळतात, नळ सोडणाऱ्या बाईला मिळत नाहीत, कारण तिच्यासाठी कुणी मागतच नाही. सगळ्यांनी कुठूनतरी ऐकलेलं असतं की ‘सीएसआरमध्ये (म्हणजे कंपनीनं सामाजिक कामांसाठी द्यायच्या पैशात) पगार बसत नाही, पाच टक्क्यांची मर्यादा आहे.’ ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयीन खर्चावर आहे. गच्चीवर प्रत्यक्ष राबणाऱ्या बाईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. तुमच्या सरांनाही कुणी हेच सांगितलेलं दिसतंय, कारण त्यांच्या बजेटमध्ये तुम्हा अकरा जणींपैकी एकीलाही एक रुपया नाही.

तो कागद मी दोनदा वाचला. हायड्रोपोनिक (मातीशिवाय, पाण्यावर पिकवण्याचं) युनिट १ लाख ४० हजार. सेंद्रिय माती ६० हजार. प्रशिक्षण ५० हजार. प्रकल्प समन्वय ४५ हजार. फलक व उद्घाटन २५ हजार. बेरीज बरोबर आहे, तेवढीच एक गोष्ट बरोबर आहे. ज्या बायका इतकी वर्षं मेथी काढताहेत त्यांना पन्नास हजारांचं प्रशिक्षण कोण देणार आणि कशाचं? बहुतेक हायड्रोपोनिकला पंप अखंड चालावा लागतो, दर वेळी विकतची खतं घालावी लागतात. लाइट गेली की मुळं उघडी पडतात. आणि सेंद्रिय माती विकत! तुमच्या भागात रसवंत्या किती आहेत? उसाची चिपाडं रोज पोत्यांनी फुकट मिळतात. त्यात पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या आणि थोडं शेणखत घातलं की क्रेट भरतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. वर, ज्या मोठ्या सोसायट्यांचा कचरा दिवसाला १०० किलोच्या पुढे जातो त्यांना ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा लागतो. तिथे तयार खताचं करायचं काय हाच प्रश्न असतो. एका टेम्पोच्या भाड्यात काम होईल.

त्या सगळ्या कागदात ‘पाणी’ हा शब्द नाही, याचं मला सगळ्यात आश्चर्य वाटलं. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतंय. नऊशे चौरस फूट पालेभाजीला एप्रिल-मे महिन्यात रोज चार-पाचशे लिटर तरी लागणार. आज तुम्ही ते कुठून घालता? पत्रात लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा इमारतीच्या टाकीतून, आणि कुणी मोजत नाही म्हणून कुणी बोलत नाही. अनुदानाचा फलक लागला की दुसऱ्या दिवशी मोजतील. ‘यांना कंपनी पैसे देते, आणि पाणी आमचं’ हे वाक्य जिन्यात पहिल्यांदा कोण म्हणेल त्याचं नावसुद्धा तुम्हाला आत्ता ठाऊक असेल.

हे अनुभवाचे बोल आहेत. आमच्या संस्थेला एकदा एका वस्तीतल्या परसबागेसाठी चार लाख मिळाले होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात धनादेश आला, ३१ तारखेच्या आत बिलं हवी होती. आम्ही ठिबक घेतलं, पंप घेतला, फीत कापली. जूनमध्ये पंपाचं वीजबिल कुणी भरायचं यावर दोन गल्ल्यांत भांडण लागलं, आणि दिवाळीपर्यंत तिथे फक्त फलक उरला होता. विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामी लागल्याचा दाखला, मात्र निर्दोष होतं. मीच टाइप केलं होतं.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी गच्ची आणि पाणी कागदावर आणा. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव घ्या: गच्चीचा इतका भाग, इतक्या वर्षांसाठी, गटाला भाजी लावायला दिला; पाणी इतकं, या वेळेत; पाण्याचा आणि डागडुजीचा खर्च असा. गच्ची सगळ्यांची सामाईक जागा असते, अध्यक्षांची तोंडी परवानगी पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते. ओलीची तक्रार करणाऱ्यांना त्याच सभेत आपल्या बाजूला घ्या. क्रेट थेट लादीवर न ठेवता विटांवर उचला, खालून पाणी वाहून जाईल अशी जागा सोडा आणि त्यांच्या छतावरचा गिलावा अर्जात दुरुस्तीखर्च म्हणून धरा.

आणि वजनाचं बघा. याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. माणसांच्या वावराची गच्ची आखताना साधारण चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम १४ किलो जादा भार धरलेला असतो. आता कुणी हौसेनं फूटभर मातीचे वाफे बांधायचं सुचवलं तर काय होईल ते तुम्हीच गुणा. चिपाडांनी भरलेले हलके क्रेट, खांब आणि तुळयांच्या रेषेवर मांडलेले, हेच बरं. पण हे मी इथे बसून ठरवू शकत नाही आणि ते सरही नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा गच्ची दाखवा, त्याचं पत्र घ्या, त्याची फी बजेटमध्ये घाला. अर्ज वाचणाऱ्याच्या हातात असं पत्र पडलं की तो माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो. शंभरात दोन अर्जांनाही ते जोडलेलं नसतं.

आता संस्थेचा प्रश्न. आठ दिवसांत संस्था काढून देतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, आठ दिवसांत तीन वर्षं कशी भरणार? आपल्याकडे संस्था म्हणजे किमान सात जण, १८६० च्या कायद्याखाली सोसायटी आणि १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणून नोंद. मग आयकर खात्याची करसवलतीची नोंदणी, जिला सगळे ‘बारा ए’ आणि ‘ऐंशी जी’ म्हणतात. मग सीएसआरचं काम घ्यायला लागणारा कंपनी मंत्रालयाचा सीएसआर-१ क्रमांक, जो २०२१ च्या एप्रिलपासून सक्तीचा आहे. आणि एवढं होऊनही, कंपनीनं स्वतः स्थापलेली नाही अशा बाहेरच्या संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्यानंतर दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. अकरा जणींपैकी एक जण माहेरी राहायला गेली म्हणून धर्मादाय कार्यालयाच्या जिन्यात बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. या मार्चसाठी संस्थेचा काही उपयोग नाही. पुढे कधी हवी असेल तर सावकाश काढा, स्वतःच्या गरजेनं.

सीएसआरच्या नियमांत तुमच्यासाठी एक दार मात्र आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. सीएसआरच्या पैशातून जी टिकाऊ वस्तू उभी राहते ती कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही. ती सार्वजनिक संस्थेच्या, सरकारी यंत्रणेच्या किंवा लाभार्थींच्या, म्हणजे बचत गटासारख्या समूहाच्या नावावर राहू शकते. ‘बचत गट’ हे नियमातच लिहिलेलं आहे. शिवाय कंपनी मधे कुणी संस्था न घेता स्वतःही खर्च करू शकते: टाकी कंपनीनं थेट दुकानदाराकडून घ्यायची, बिल कंपनीच्या नावावर, वस्तू गटाच्या ताब्यात, पोचपावतीवर तुमच्या सह्या. तुमच्या खात्यात रोख येतच नाही, मग खात्यातल्या रोखीवरून भांडणही नाही. मानधनासाठी मात्र मधे कुणीतरी लागेल. तिथे पाच-दहा वर्षं तुमच्या भागात काम करणारी, अंगणवाडीसेविका ओळखतात अशी एखादी संस्था शोधा, जिचं ऑडिट तुम्हाला बघायला मिळतं. सरांच्या ‘ओळखीच्या संस्थेला’ तेच विचारा: मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद दाखवाल का? आणि करार कागदावर कराल का, की इतके पैसे गटासाठी, या महिन्यात इतके, कापणार तर किती कापणार? उत्तर ‘विश्वास ठेवा हो ताई’ असं आलं तर चहा प्या आणि निघा. ‘चेक इतक्याचा घ्या आणि इतके रोख परत द्या’ असं कुणी म्हणालं तर चहासुद्धा पिऊ नका.

दहा हजार आगाऊ देऊ नका. पंधरा टक्केही नाहीत. प्रस्ताव लिहिणं हे काम आहे आणि कामाचे पैसे द्यावेत, मी स्वतः घेतले आहेत. पण ते लिहिण्याचे, ठरलेले. मंजूर रकमेवर टक्का घेणारा माणूस बजेट फुगवणारच, त्याशिवाय त्याचं पोट कसं भरणार? तुमच्या कागदावरचं १ लाख ४० हजारांचं युनिट तिथूनच आलं आहे.

दिराचं मन चांगलं आहे, त्याला माझा नमस्कार सांगा. पण त्याला आधी एक प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती कायद्याच्या दृष्टीनं परदेशी देणगी नव्हे. पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र तो परदेशी स्रोत ठरतो, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असो नाहीतर घरात रोज पिठलं-भाकरी होत असो. अशा माणसाकडून सामाजिक कामासाठी पैसे घ्यायला २०१० च्या परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी लागते, त्यासाठीचं खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं, आणि नोंदणीशिवाय घेतले तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बचत गट आहे म्हणून यातून सुटका नाही. ‘मग वहिनींच्या खात्यात पाठवतो, नातेवाईक आहे’ हे तो नक्की म्हणेल. नातेवाइकाला घरखर्चाला पाठवणं वेगळं, आणि मित्रांकडून वर्गणी गोळा करून तुमच्या खात्यातून गटाला फिरवणं वेगळं. त्यात अडकाल तुम्ही, तो नाही.

आता अर्जात काय लिहायचं. इथे मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण सगळे इथेच घसरतात.

तुमच्या सरांनी पहिल्याच ओळीत ‘९६ कुटुंबांना अन्नसुरक्षा’ लिहिलं आहे. हिशेब करू. ९६ घरं, घरटी चार माणसं, ३८४ माणसं. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाजी-फळं खा म्हणते. म्हणजे इमारतीला रोज दीडशे किलोच्या वर लागतील. तुमचं महिन्याचं पीक ७० किलो. महिनाभर राबून इमारतीची अर्ध्या दिवसाचीही भाजी होत नाही. हे समितीवरच्या एखाद्या खवट माणसानं (तो मीसुद्धा असू शकते) मनात गुणलं की अर्ज तिथेच संपला.

तेच ७० किलो अंगणवाडीच्या ४५ मुलांपुढे ठेवा. महिन्याचे २५ दिवस धरले तर मुलामागे रोज साठ ग्रॅम पालेभाजी. खिचडीत, वरणात घालायला ती चांगली पुरते. आज तुम्ही आठवड्यातून दोनदाच देता. तेव्हा ‘गच्चीवरची सगळी पालेभाजी आठवड्याचे पाच-सहा दिवस अंगणवाडीला, आणि त्याबद्दल दीड वर्ष आम्हाला मानधन’ हे वाक्य खरं आहे, छोटं आहे, आणि मोजता येतं. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सीएसआरची जी कामं दिली आहेत त्यांत पहिलंच कलम भूक, दारिद्र्य आणि कुपोषण निर्मूलनाचं आहे. तुमचा अर्ज तिथे बसवा. ‘हरित शहर’, ‘पर्यावरण’ वगैरेच्या गर्दीत घुसू नका, तिथे झाडं लावणाऱ्यांची रांग मोठी आहे. सेविकेकडून आणि तिच्या मुख्यसेविकेकडून पत्र घ्या की आम्ही ही भाजी घेतो, धुऊन शिजवतो, नोंद ठेवतो. पाणी कुठलं वापरता तेही लिहा. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला पिकवलेला पालक आणि लाल माठ सगळ्यांनी लोकलच्या खिडकीतून पाहिला आहे, आणि त्याला नाल्याचं पाणी द्यायचे हेही ऐकलेलं आहे. ‘शहरातली भाजी’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तोच नाला येतो. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी चालेल, साबणाचं नको.

मग इमारतीतल्या ९६ घरांचं काय? त्यांना भाजी पिकवून देण्याचा हट्ट सोडा, आणून द्या. २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, तेव्हापासून शेतकऱ्याला थेट विकायला मोकळीक आहे. पुणे-पिंपरीत शेतकरी आठवडे बाजार भरतात ते तुम्ही पाहिले असतील. मावळ-खेडकडच्या एखाद्या शेतकरी गटाशी बोलून आठवड्यातून एकदा इमारतीच्या पार्किंगमध्ये एक टेम्पो उतरवा. वांगी, दुधी, गवार, टोमॅटो, जे गच्चीवर परवडत नाही ते. गटानं किलोमागे दोन-तीन रुपये ठेवले तरी कोपऱ्यावरच्यापेक्षा स्वस्त पडेल, आणि तो पैसा कुणाचंही अनुदान नसेल. आजवर पालेभाजी विकून जे सुटत होतं ते अंगणवाडीला दिल्यावर बुडणार, ते इथून भरून काढा.

लिहायला भाषा लागत नाही. तुम्ही मला पत्र लिहिलंत, तशीच लिहा. नमुना हवा तर असा:

‘आम्ही अकरा जणींचा बचत गट आहोत. नऊ वर्षं दरमहा बैठक, बचत, आपसांत कर्ज, परतफेड आणि हिशेब चालू आहे. वह्या दाखवू शकतो. लॉकडाउनपासून गच्चीवर पालेभाजी करतो. सध्या महिन्याला सुमारे ७० किलो निघते. ती सगळी खालच्या अंगणवाडीतल्या ४५ मुलांना द्यायची इच्छा आहे. दोन अडचणी आहेत. पाणी दिवसाआड येतं आणि साठवायला जागा नाही. आणि रोजच्या कामाची मजुरी मिळत नसल्यानं कामाला आलटून पालटून खंड पडतो. या दोन्हींसाठी अठरा महिन्यांची मदत हवी.’

बस. यात ‘सक्षमीकरण’ नाही, ‘शाश्वत’ नाही. बैठकीपासून हिशेबापर्यंतच्या पाचही गोष्टी बँकेच्या माणसाला बचत गटाची पंचसूत्री म्हणून पाठ असतात, त्या नऊ वर्षं केल्यात हेच तुमचं प्रमाणपत्र.

पैसे किती मागायचे? मी ढोबळ मांडून पाहिलं. हजार लिटरच्या दोन टाक्या, भक्कम स्टँड आणि नळजोडणी २८ हजार, साधं ठिबक १२, उन्हाळ्यासाठी शेडनेट आणि सांगाडा २५, इंजिनिअर १०, बी-बियाणं, निंबोळी पेंड आणि वजनकाटा ९, आणि महिन्याला तीन हजारांप्रमाणे अठरा महिन्यांचं मानधन ५४. एकूण १ लाख ३८ हजार. गिलाव्याचं त्यात मिळवा. तुमच्याकडचे भाव वेगळे असतील, तीन-तीन कोटेशनं आणा, जीएसटीची बिलंच घ्या. भरलेल्या टाक्या कुठे बसवायच्या हेही त्याच इंजिनिअरला विचारा, दोन हजार लिटर म्हणजे दोन टन. तीन लाख मिळत असताना निम्मे का मागायचे, असं गटात कुणीतरी म्हणेलच. कारण अठरा महिन्यांनी मानधन थांबेल, तेव्हा टेम्पोतून महिन्याला तीन हजार सुटायला हवेत. तीन हजार सुटू शकतात. दहा हजार सुटणार नाहीत.

मानधन कुणी घ्यायचं, पाळी कशी लावणार, एखादी गट सोडून गेली तर क्रेट कुणाचे, हे सगळं आत्ता भांडून घ्या आणि प्रोसिडिंग बुकात लिहून सह्या करा. आत्ताचं भांडण तासाभराचं आहे.

‘फेब्रुवारीच्या आत’ची घाईही समजून घ्या. ती गरज तुमची नाही, साहेबांची आहे. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के अशा कामांवर घालावे लागतात. ३१ मार्चपर्यंत खर्च झाले नाहीत तर ते सरकारने नेमून दिलेल्या एखाद्या निधीत भरावे लागतात, आणि मग कंपनीला फोटो मिळत नाही. मात्र काम ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’, म्हणजे एका वर्षापलीकडे चालणारं काम, म्हणून मंजूर केलं तर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरता येते. हा शब्द साहेबांच्या तोंडून निघाला नाही तर तुम्ही काढा. टाक्या मार्चच्या आत घ्या, मानधन महिन्याच्या महिन्याला. अंगणवाडीची वजनवही दर महिन्याला त्यांच्याकडे जाईल असं सांगा. साहेब नाही म्हणाले तर या वर्षी सोडून द्या. पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा कंपन्या निवांतपणे वर्षाचं ठरवत असतात, तेव्हा पुन्हा जा. तोवर वजनवही सहा महिन्यांनी जाड झालेली असेल.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी जी बाग उभी केली तिची सुरुवात अनुदानापासून झाली नव्हती. स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवायचा कुठे, या रोजच्या कटकटीपासून झाली होती. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातही, म्हणजे शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या जाळ्यातही, माणसं एकमेकांचं बघून, एकमेकांना विचारून शिकली. तुम्हीही तशाच सुरू झालात, रंगाच्या डब्यांनी. म्हणजे पैसे नाकारा असं मी म्हणत नाहीये. टाकी हवीच.

साहेब फेब्रुवारीत पुन्हा गच्ची बघायला येतील. तारीख तुम्हाला विचारतील तेव्हा पाणी येण्याचा दिवस देऊ नका. त्या दिवशी सगळं हिरवं आणि टवटवीत दिसतं आणि माणूस फोटो काढून निघून जातो. मधला कोरडा दिवस द्या, दुपारी चारची वेळ, आणि बादल्या जिन्यातून वर नेताना त्यांना एक हात लावायला सांगा.

— तुमची ताई